पेठ ओस पडतेय. छोट्या गावाचा बाजार उठवणारी माणसं नेमकं काय करतात?

पेठकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

आमचं गाव माणदेशातलं, सांगली-साताऱ्याच्या सीमेवरचं. ‘क’ वर्ग नगरपालिका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा प्रश्नाची न होता माणसांची होते. पेठेत आमचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि वडील गेल्यावर परत आलो, त्याला आता सहा वर्षं होतील.

आमच्या पेठेत आज तीनातलं एक शटर बंद आहे. बाहेरून वळणरस्ता झाला आणि एसटी, ट्रक, बारामाही वाटसरू सगळे तिकडून जायला लागले. लग्नाचा बस्ता कराडला किंवा सांगलीला. रोजची खरेदी मोबाइलवर. दुपारी चारला पार्सलची गाडी येते, तेव्हा तिच्याभोवती जेवढी पोरं जमतात तेवढं गिऱ्हाईक दिवसभरात एका दुकानात येत नाही. दहा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं दोन मजली व्यापारी संकुल बांधलं. खालचे गाळे लिलावात गेले. वरच्या गाळ्यांची अनामत एवढी ठेवली की आजवर एकाही गाळ्याचं कुलूप निघालेलं नाही. वर पारवे राहतात.

तरी एक गोष्ट अजून जिवंत आहे, गुरुवारचा बाजार. आसपासच्या तीस-चाळीस वाड्यावस्त्यांची माणसं येतात. पहाटे पाचला पालं ठोकायला सुरुवात होते. आमच्या दुकानाची निम्मी विक्री त्या एका दिवसात होते, किराणावाल्यांचंही तेच. पण बाजार भरतो तो चिखलात. पाणी नाही, सावली नाही, बाकीचं तर विचारूच नका.

मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षं नगरपालिकेवर प्रशासक होते. डिसेंबरात एकदाची निवडणूक झाली. नवा नगराध्यक्ष तरुण आहे, थेट लोकांतून निवडून आलाय. परवा त्यानं व्यापाऱ्यांना बोलावलं आणि म्हणाला, “गावासाठी काय करायचं ते सांगा.” मंडळींनी सांगितलं: स्वागत कमान, चौकात पुतळा, बगीचा, सिमेंटचा रस्ता. मी गप्प बसलो. मला कमान नको होती, पण काय हवं तेही सांगता येत नव्हतं, आणि ते गप्प बसणं मला अजून टोचतंय.

म्हणून विचारतो. मरगळलेलं छोटं गाव पुन्हा उभं राहिलेलं तुमच्यापैकी कुणी जवळून पाहिलंय का? तिथं कुणी, आधी काय केलं? तो माणूस गेल्यावर मागं काय उरलं? निधी किती आला हे नाही सांगितलं तरी चालेल.

---

कुंडलरोड

पेठकर, तुमच्या भागात बसून हा प्रश्न विचारायचा तर औंध संस्थानापासून सुरुवात करायला हवी. आमच्या तीन पिढ्या किर्लोस्करवाडीत गेल्या, म्हणून हक्कानं लिहितो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, तीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. साल १९१०. निवडुंग, साप आणि उन्हाचा रखरखाट, यापलीकडे तिथं काही नव्हतं. बहात्तर खेड्यांचं एवढंसं संस्थान ते, तिजोरी काही भरलेली नव्हती. जागा होती, थोडंफार भांडवल होतं आणि माणसाची पारख होती. तेवढंच राजानं दिलं. बाकी सगळं कारखानदारानं केलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लोखंडी नांगर केले तर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन नासते असा समज होता. नांगर पडून राहिले. दुसऱ्या कुणी तेव्हाच हात काढून घेतला असता. किर्लोस्करांनी वाट पाहिली. माझे पणजोबा सांगायचे की वाडीत कारखान्याआधी माणसांची सोय झाली, पिण्याचं पाणी, राहायला घरं, मुलांना शाळा. म्हणून कारागीर टिकले.

त्याच पंतप्रतिनिधींच्या आधारानं कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना उभा राहिला. प्रभाकर कंदील अख्ख्या देशात गेला. मग गावोगाव वीज आली आणि कंदिलाचं काम संपलं. ओगलेवाडीचं ते वैभव गेलं, किर्लोस्करवाडी राहिली. एकाच राजानं हात दिलेली दोन गावं. म्हणजे पाठबळ लागतंच, पण काळाबरोबर माल बदलणं हे ज्याचं त्यालाच करावं लागतं.

अवांतर: १९३९ साली याच संस्थानानं राजाचे अधिकार कमी करून कारभार गावपंचायतींकडे दिला. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनियर आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत राबले. पुढं संस्थान विलीन झालं आणि प्रयोग थांबला. तुमच्या तालुक्यातल्या जुन्या माणसांना विचारून बघा, पंचायतीच्या झाडाखालच्या बैठकी आठवणारं कुणी आता असणं अवघड, पण आईबापांकडून ऐकलेलं असेल.

---

माणगंगा

वाचतेय. कुंडलरोड, फार छान लिहिलंत. पण राजे आणि कारखानदारच का? म्हसवडबद्दल कुणी लिहिणार नसेल तर मी लिहिते.

माझं आजोळ म्हसवडचं. नव्वदच्या दशकात रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई बचत करायला बँकेत गेली. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी चार पैसे साठवायचे होते. बँकेनं खातं उघडून दिलं नाही, एवढ्याशा रकमेला कोण विचारतंय. ती चेतना गाला सिन्हांकडे आली. चेतनाताई मुंबईच्या, लग्न होऊन म्हसवडला आलेल्या. बायकांचीच बँक काढायची ठरली. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तर नामंजूर, कारण प्रवर्तक बायकांपैकी कितीतरी जणी अंगठा लावणाऱ्या.

मग त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला शाळा मिळाली नाही हा आमचा दोष नाही, पण कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्रावर करू द्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पेठकर, तुमच्यासाठी यातली खरी गोष्ट पुढे आहे. बाजारात बसणारी बाई सकाळी सावकाराकडून पैसे घेते, माल उचलते, संध्याकाळी व्याजासकट परत देते. एका दिवसाचं ते व्याज जगातल्या कुठल्याही बँकेपेक्षा महाग असतं. बँकेनं बाजारकरणीला परवडेल असं कर्ज दिलं आणि वसुलीला माणूस तिच्या पालापर्यंत पाठवला. पासबुक घरी नेलं तर नवऱ्याला पैसे कळतात, ही अडचण बायकांनी सांगितली तेव्हा तीही ऐकली गेली. माझी मामी सांगते, “आम्हाला कुणी अनुदान दिलं नाही. आमचं काय अडतंय ते आमच्याजवळ बसून विचारलं.”

तुमच्या गुरुवारच्या बाजारात सकाळी पैसे देणारे कोण आहेत आणि संध्याकाळी किती घेतात, हे नगराध्यक्षाला माहीत आहे का? तुम्हाला आहे का?

---

पेठकर

माणगंगा, खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. आज दुकान बंद करताना समोर बसणाऱ्या मावशींना विचारलं. हजाराला संध्याकाळी शंभर. सहा वर्षं मी त्यांच्याकडून मेथी घेतोय.

---

दप्तरी

मी नगरपालिकांत एकतीस वर्षं काढली, करविभागात. चार गावं पाहिली. थोडं कोरडं वाटेल, पण हे समजल्याशिवाय नगराध्यक्षाकडून काय मागायचं ते कळणार नाही.

१९९९ पर्यंत नगरपालिकांना जकात होती. जकातीत खाबूगिरी होती, नाक्यावर ट्रक तासन्‌तास अडायचे, ती गेली याचं दुःख नाही. पण एक नातं तिच्याबरोबर गेलं. पेठेत माल जास्त उतरला तर नगरपालिकेची तिजोरी त्याच महिन्यात भरायची. म्हणून नगराध्यक्षाला पेठेची काळजी असायची, बाजाराच्या दिवशी तो स्वतः फिरायचा. जकात गेली, तिच्या बदल्यात शासनाचं सहायक अनुदान आलं. ते बहुतेक पगारातच जातं. आता पेठ चालो न चालो, अनुदान तेवढंच. नगराध्यक्षाची नजर पेठेवरून उठली आणि मंत्रालयाकडे लागली. गावातला पुढारी म्हणजे वरून निधी आणणारा, ही व्याख्या तिथून पक्की झाली. निधी येतो तोही ठरावीक कामांसाठी: रस्ता, गटार, सभागृह, कमान. म्हणून तुमच्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडी कमान आली. लोकांचा दोष नाही, पंचवीस वर्षांची सवय आहे ती.

नगराध्यक्षाच्या हातात खरोखर काय आहे ते सांगतो. बाजार फीचा ठेका कुणाला, किती दरानं आणि कुठल्या अटींवर द्यायचा हे सभा ठरवते. गाळ्यांची अनामत आणि भाड्याचा प्रस्ताव सभेतून जातो. पाणी आणि सफाई रोजच्या रोज कशी चालते हे तर पूर्णपणे हातात आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समिती करावी लागते. तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, आणि त्यात एक तृतीयांश बायका. तुमच्याकडे ती समिती बसते का, ते विचारा. मी काम केलेल्या एका गावात ती कागदावर होती. सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं, आणि त्या कागदावर सही करणाऱ्यांत मीही होतो.

चांगलं उदाहरण हवं तर कराडशेजारचं मलकापूर बघा. चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापरेल त्याला चढा दर. छोट्या नगरपंचायतीनं ते करून दाखवलं आणि देशभरातून लोक बघायला आले. मीटर बसवायचा म्हटल्यावर मतं जातात, हे प्रत्येक नगरसेवकाला ठाऊक असतं. तिथल्या पुढाऱ्यांनी तरी घरोघरी जाऊन समजावलं. मला मीटरपेक्षा ते घरोघरी जाणं मोठं वाटतं.

---

रेडीचा_किनारा

दप्तरी काकांच्या म्हणण्याला आमच्या वेंगुर्ल्याची जोड देतो.

वेंगुर्ला हे जुनं बंदर. सतराव्या शतकात डचांची वखार होती, ती पडकी वखार अजून उभी आहे. बंदराचा व्यापार गेला आणि गाव शांत झालं ते झालंच. इथलं फळ संशोधन केंद्र काजूच्या जातींसाठी नावाजलेलं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमं सगळ्या कोकणात लागली, पण शहराला स्वतःची अशी ओळख उरली नव्हती.

मग रामदास कोकरे मुख्याधिकारी म्हणून आले. त्यांनी कचऱ्याला हात घातला. घराघरातून वेगवेगळा केलेला कचरा घ्यायचा, मिसळलेला घ्यायचाच नाही. प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात, ओल्या कचऱ्यापासून गॅस. जिथं नाक धरून जावं लागायचं त्या कचरा डेपोवर झाडं लागली आणि माणसं सहलीला यायला लागली. दुसऱ्या नगरपालिकांचे लोक शिकायला यायचे, मुक्काम करायचे, जेवायचे. माझ्या चुलत्याची खानावळ आहे. तो म्हणतो, “कचरो बघूक इलेली माणसां माझ्याकडे जेवक येतली, असा सपनात पण वाटला नव्हता.”

पण पेठकरांनी विचारलंय की माणूस गेल्यावर मागं काय राहतं. मुख्याधिकारी बदलीचा माणूस. ते पुढं कर्जतला गेले, तिथंही तसंच काम उभं केलं. आमच्याकडे जे टिकलं ते बायकांच्या सवयीमुळे आणि सफाई कामगारांमुळे टिकलं. माझी आई आजही दुधाची पिशवी धुऊन वाळवून वेगळी ठेवते. तिला कुणी सांगायला येत नाही.

---

गलाईवाला

मी कोइमतूरहून लिहितोय. गाव विट्याजवळ. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: सोनंचांदी आटवून शुद्ध करण्याचा आमचा धंदा. खानापूर-आटपाडीकडची हजारो घरं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत धुराच्या नळकांड्याखाली मराठी बोलणारा भेटेल.

मला इथलं बोलणं एकांगी वाटतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. नेतृत्व नेतृत्व करताय, पण गावात माणूसच नाही त्याचं काय? आमच्या वाडीत दिवाळीला आणि जत्रेला माणसं दिसतात. एरवी म्हातारी आणि कुत्री. पैसा गावात येत नाही असं नाही. बंगले बघा. देवळांचे कळस बघा. मीही दिलेत, लाखानं दिलेत. दुष्काळी गावात संगमरवरी देऊळ, आणि त्याच गावातली मुलगी बारावीनंतर शिकायचं तर रोज चाळीस किलोमीटर एसटीनं जाते.

चूक आमची आहे, मान्य. पण आम्हाला कुणी दुसरं काही मागितलंच नाही. दरवर्षी वर्गणीची पावती येते, ती देवळाची नाहीतर पुतळ्याची. एकदाही कुणी येऊन म्हणालं नाही की बाजारतळावर शेड घालायची आहे, एवढा खर्च आहे, हा हिशोब आहे, वर्षाच्या शेवटी काय झालं ते कळवतो. हिशोब देणारा माणूस भेटला तर परगावचा गलाईवाला हात आखडता घेणार नाही, हे मी माझ्यापुरतं लिहून देतो.

आणि पाणी. पाण्याशिवाय पेठ कसली? टेंभू उपसा योजनेचं, म्हणजे कृष्णेतून वर चढवलेलं पाणी शिवारात आलं तेव्हा आमच्या थोरल्या भावानं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि गावी जाऊन डाळिंब लावलं. पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

---

कुंडलरोड

गलाईवाला, टेंभूचं नाव काढलंत म्हणून. ते पाणी आपोआप चढलं नाही. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली, दरवर्षी. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर तिथं असायचे. अण्णा स्वतः वाळव्याचे, म्हणजे कृष्णाकाठचे. त्यांच्या शिवारात पाणी होतं, हुतात्मा कारखाना उसाला चांगला भाव देत होता. तरी दुसऱ्या तालुक्याच्या पाण्यासाठी पाऊणशे वर्षांचा माणूस उन्हात मोर्चे काढत होता. आमदारकी तेव्हा मागं पडली होती. योजनेला १९९६ ला मान्यता मिळाली आणि शेतात पाणी यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. दरवर्षी परिषद घेत राहिले, याच्याइतकं अवघड काम मला तरी दुसरं माहीत नाही.

---

मागावरची

इचलकरंजीहून. सगळे चांगलं चांगलं लिहितायत, मला दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी उत्तेजन दिलं, औंधासारखीच गोष्ट. पुढं सहकारी सूतगिरण्या झाल्या, दत्ताजीराव कदमांसारखी माणसं झाली. घराघरात माग. एका खेड्याचं मोठं शहर झालं, आता तर महानगरपालिका आहे. कुणी विचारलं की गाव कसं वाढवावं, तर आमचं उदाहरण देतात.

पण पंचगंगेचं काय झालं ते त्या उदाहरणात नसतं. धुलाईचं, रंगाचं पाणी वर्षानुवर्षं नदीत गेलं. २०१२ साली शहरात काविळीची साथ आली, माणसं गेली. आमच्या गल्लीतली दोन. प्यायचं पाणी हा इथं आजही प्रत्येक निवडणुकीतला पहिला प्रश्न आहे, आणि प्रत्येक निवडणुकीनंतरचाही. मागावरच्या माणसाची बारा तासांची पाळी, कानाला दडे, वर्षातून मंदीचे चार महिने. धंदा वाढवणाऱ्यांना आम्ही मान दिला, सांडपाण्याचा प्रश्न काढणाऱ्याला धंद्याचा वैरी म्हटलं. माझे वडील असंच म्हणायचे आणि त्यांनाच कावीळ झाली.

पेठकर, तुमच्याकडे काहीही नवं आलं, डाळिंबाचा कारखाना म्हणा, सूतगिरणी म्हणा, तर पहिल्याच सभेत विचारा की घाण पाणी कुठं जाणार. मागाहून विचारणं फार महाग पडतं.

---

वारणाकाठ

फक्त एक भर. तात्यासाहेब कोरे म्हटलं की साखर कारखाना आठवतो. वारणानगरला दूध संघ झाला, वारणा बाजार झाला, कॉलेजं झाली, सगळं खरं. पण त्यांनी खेड्यातल्या शाळकरी मुलांचा वाद्यवृंद काढला. उसाच्या फडातल्या घरची मुलं सतार, जलतरंग, तबला वाजवत परदेशी जाऊन आली. माझा काका त्यात होता. नंतर नोकरी मुंबईत मिळत असताना तो गेला नाही. विचारलं की म्हणायचा, “इथं काय कमी आहे?” गलाईवाला म्हणतात तसं माणूस गावात राहायचा असेल तर पगाराबरोबर हेही लागतं.

---

दप्तरी

वारणाकाठ, मान्य. पण वारणेच्या वाटेनं जाणारे दहा झाले आणि त्यातले कित्येक कारखाने आज कर्जात बुडालेत, हेही लिहायला हवं. एकच माणूस कारखाना, बँक, शाळा, बाजार सगळं चालवतो तेव्हा तो भला असेपर्यंत सोनं. पुढची पिढी तशीच निघेल याची हमी कोण देणार? माणदेशी बँकेचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की तिथं भागधारक बाईलाच व्याज मोजता येतं.

पेठकर, आता तुम्ही बोला. धागा तुमचा आहे.

---

पेठकर

दोन आठवडे वेळ घेतला, कारण आधी गुरुवारचा बाजार नीट बघायचा होता. पहाटे पाचला गेलो आणि अंधार पडेपर्यंत थांबलो. दुकान पुतण्यावर सोपवलं.

पाहिलं ते लिहितो. बायका पहाटे तीनला घरातून निघतात. वाडीतून टेंपो, टेंपोत पाट्या, पाट्यांवर त्या. संध्याकाळी सहापर्यंत बाजारतळाच्या आसपास त्यांना जायला एकही जागा नाही. एक मावशी म्हणाल्या, “बाजाराच्या दिवशी मी पाणीच पीत न्हाई बाबा.” उन्हाळ्यात सुद्धा. हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. त्यांच्यापासून शंभर पावलांवर आमचं ते व्यापारी संकुल आहे. तळमजल्याला स्वच्छतागृह बांधलेलं आहे आणि त्याला दहा वर्षं कुलूप आहे.

ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो. छापील दर वेगळा, घेतो वेगळा. तोल करणारे काटे किती जणींचे तपासलेले आहेत ते विचारू नका. ताडपत्री स्वतःची, बांबू स्वतःचे. पाऊस आला तर माल झाकायचा की स्वतःला, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

मग नगराध्यक्षाकडे गेलो. या धाग्यातलं बरंच छापून नेलं होतं. त्यानं सगळं वाचलं, दप्तरी काकांचं दोनदा वाचलं. कमान रद्द करायला तो तयार नाही, तसा शब्द दिलाय म्हणतो. मी त्यावर भांडलो नाही. तीन गोष्टी मागितल्या. संकुलातलं स्वच्छतागृह पुढच्याच गुरुवारी उघडायचं, किल्ली सफाई कामगार ताईंकडे, आणि बाजाराच्या दिवशीचं त्यांचं जादा काम हजेरीवर लागलं पाहिजे. बाजार फीचा ठेका मार्चअखेर संपतोय, नव्या ठेक्यात दराचा फलक लावण्याची अट घालायची आणि फीतला ठरावीक भाग बाजारतळावरच खर्च करण्याचा ठराव करायचा. आणि पथविक्रेता समितीची बैठक बोलवायची. समिती आहे म्हणे. सदस्यांची यादी शोधायला शिपायाला अर्धा तास लागला. यादीत समोरच्या मेथीवाल्या मावशींचं नाव निघालं. त्यांना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नाव? कशात?”

ठरावाचं बघू असं म्हणाला. वरच्या गाळ्यांची अनामत कमी करण्याबद्दल मुख्याधिकाऱ्यांशी बोलणार आहे. स्वच्छतागृहाची किल्ली मात्र त्याच वेळी मागवली. गंजलेलं कुलूप तोडावं लागलं. गेल्या गुरुवारी ते उघडं होतं. नळाला पाणी अजून नाही, आम्ही चार दुकानदारांनी मिळून दोन पिंपं भरून ठेवली.

माणगंगा, सावकारीबद्दल: गावातल्या एका पतसंस्थेच्या अध्यक्षांशी बोललो. एका दिवसाचं कर्ज त्यांच्या नियमात बसत नाही म्हणाले, पण आठवड्याचं बसवता येईल का ते संचालकांपुढं ठेवतायत. तुमच्या मामींना इकडे बोलावलं तर येतील का? आमच्यातल्या बायका माझ्याशी पैशाबद्दल मोकळं बोलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गलाईवाला, शेडचा अंदाजखर्च काढतोय. हिशोब इथंच टाकीन, पै न पै.

एक अडचण आहे. नगरपालिकेचे अभियंता म्हणतात की बाजारतळावर ओटे बांधायचे तर मोजमाप द्या. मी त्यांना काय सांगू? कुणाला अनुभव आहे का?

---

माणगंगा

मामी येते म्हणाली. बुधवारी मुक्कामाला येईल, गुरुवारी पहाटे तुमच्याबरोबर बाजारात.

---

भाजीवालीची_लेक

मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. आई तेवीस वर्षं बाजारात बसते, आमच्या गावचा बाजार सोमवारचा. तिला धागा वाचून दाखवला. ओट्याचं तिनं सांगितलं ते तसंच लिहिते.

ओटा उंच करू नका. आमच्याकडे कमरेइतके बांधले आणि कुणी बसेना, कारण डोक्यावरची पाटी एकटीला त्यावर उतरवता येत नाही आणि बसलं तर गिऱ्हाईक वर मान करून बोलतं. गुडघ्याच्या खाली, वीतभर असला तरी चालतो, फक्त पाणी वाहून जाईल असा उतार पाहिजे. एका बाईला चार फूट रुंदी पुरते, खोली सहा फूट ठेवा, मागं पोतं आणि पोर दोन्ही मावतात. दोन ओळींच्या मधे दोन पाट्या समोरासमोर जातील एवढी वाट सोडा. शेडचे खांब ओट्याच्या मधे नकोत, कोपऱ्यात घ्या. आणि पश्चिमेला पडदा लावायची सोय करा, दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं आणि कोथिंबीर तीन वाजता मान टाकते.

आई विचारते, पिण्याच्या पाण्याचा नळ कुठल्या टोकाला घेताय? मधे घ्या म्हणते. टोकाला घेतला तर पाल सोडून जाता येत नाही.